‘लेक व्ह्यू’ आणि उन्हाळी आवर्तन

स्थलांतराचे दोन प्रकार अहिल्यानगर जिल्ह्यात ठळकपणे आढळतात. पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन घर सोडतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो, हे सक्तीचे स्थलांतर होय. आणि तो परतण्याच्या सुमारास मुंबई, ठाणे, पुणे व नाशिक येथील कुटुंबे मुलांच्या परीक्षा आटोपताच ज्या ओढीने अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याकडे निघतात, त्यास हौशी स्थलांतर म्हणावे लागेल. पहिल्या प्रकारात मुकादमाकडून उचल घेतली जाते, दुसऱ्यात हॉटेलाला आगाऊ रक्कम दिली जाते, आणि दोन्ही प्रकारांत एकदा हात बदललेली रक्कम शेवटपर्यंत मानगुटीवर बसलेली असते.

या दुसऱ्या स्थलांतराचे अधिष्ठान ‘लेक व्ह्यू’ नावाची संकल्पना आहे. लेक व्ह्यू म्हणजे अशी खोली की जिची खिडकी जलाशयाच्या बाजूस उघडते आणि जिचे भाडे डोंगराच्या अथवा वाहनतळाच्या बाजूस उघडणाऱ्या, अन्यथा सर्वस्वी तशाच खोलीपेक्षा अधिक असते. म्हणजेच ग्राहक येथे खाटेचे नव्हे, तर दिशेचे पैसे मोजतो. याचीच पुढची पायरी ‘लेक टच’, ज्यात पाणी दिसून भागत नाही, ते तंबूच्या दाराशी आलेले असावे लागते. पाण्याने मात्र या वर्गीकरणास अद्याप मान्यता दिलेली नाही, आणि पर्यटकाच्या साऱ्या तंट्याचे मूळ त्यातच आहे.

प्रवरा नदीवर दगडी बांधकामात उभारलेले, सुमारे ८२ मीटर उंचीचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास देण्यात आले. त्याची साठवण क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट असून हा साठा कोणी पाहावा म्हणून केलेला नाही, तो खाली सोडण्यासाठी केलेला आहे, ही बाब पर्यटन-साहित्यात सहसा वगळली जाते. सोडलेले पाणी नदीपात्रातून निळवंडे धरणात आणि तेथून पुढे संगमनेर तालुक्यातील ओझर बंधाऱ्यापर्यंत येते, तेथे ते प्रवरेच्या डाव्या व उजव्या कालव्यांत शिरते आणि राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडील शेतीस मिळते. ठरावीक काळाने कालव्यास पाणी सोडण्याच्या या पाळीस ‘आवर्तन’ म्हणतात, आणि आवर्तन कधी व किती दिवसांचे हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. तेथे लोकप्रतिनिधी, अधिकारी व शेतकरी पोटतिडकीने भांडतात, परंतु लेक व्ह्यू खोलीत उतरलेल्या गिऱ्हाईकाचा प्रतिनिधी कोणीही पाठवीत नाही. परिणामी भाडे हॉटेल ठरविते, देखावा मात्र जलसंपदा विभाग ठरवितो.

उन्हाळी आवर्तने सुटतात ती ऐन सुट्टीच्या हंगामात. बंगलोरी टोपी घातलेले कुटुंब गॅलरीत येऊन ज्या पाण्याचा शोध घेते, ते त्या घटकेस ऐंशी-नव्वद किलोमीटर पलीकडे उसाच्या सरीत उभे असते. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, लोणी येथे, १९५० च्या सुमारास सुरू झाला, आणि त्या यशाची मुळे प्रवरेच्या पाण्यात आहेत हे ध्यानी घेतल्यास पर्यटकाची तक्रार बरीच लटकी ठरते. पॅकेजमध्ये अंतर्भूत असलेल्या अमर्याद चहात जी साखर पडते, तिच्या रूपाने न दिसलेला जलाशय त्याच्या कपात पोहोचलेलाच असतो. शिवाय समन्यायी पाणीवाटपाच्या तत्त्वानुसार, म्हणजे खोऱ्यातील वरच्या व खालच्या धरणांनी तूट वाटून घ्यावी या तत्त्वानुसार, १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणाचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. तेव्हा या खिडकीवर श्रीरामपूरइतकाच पैठणचाही हक्क आहे.

पाणी ओसरल्यावर जे उरते, तेही अभ्यसनीय आहे. किनाऱ्यावरील खडकावर पाण्याच्या उतरत्या पातळीने पांढुरके पट्टे उमटलेले असतात, त्याखाली गाळाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि अशा भेगेत ठोकलेली तंबूची खुंटी संध्याकाळच्या वाऱ्यासरशी तंबूसह चालू लागते. ओसरलेल्या पाण्याखालून उघड्या पडलेल्या जमिनीस शासकीय भाषेत ‘गाळपेर’ म्हणतात, कारण त्या ओलीवर हंगामी पीक घेता येते. आता त्याच ओलीवर रंगीत तंबूंचे पीक येते. पाणी मागे सरकते तसे तंबू त्याच्या मागे उतरतात, आणि मे महिन्याच्या अखेरीस ‘लेक टच’ निवासातून हॉटेलच्या स्वच्छतागृहापर्यंतचा चढ हा गडकोटांच्या वाटांशी तुलना करता येईल असा होतो. कळसूबाई सर करावयास आलेल्यांचा सराव यात फुकट होतो, ही गोष्ट वेगळी.

डांगाण, म्हणजे अकोल्याचा हा डोंगराळ पश्चिम पट्टा, या सर्व व्यवहारात कोठे बसतो? ‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण ज्याने रचली, त्याने कालव्याचे शास्त्र अभ्यासलेले नसावे. धरणासाठी ज्यांच्या पूर्वजांची खाचरे बुडाली त्या महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या पाण्याच्या वर, चढावर आहेत, पाणी उतारावरून जाते, आणि वीज-पंपाशिवाय चढण्याची त्यास सवय नाही. म्हणून ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही दुसरी म्हण येथे अधिक प्रचारात आहे. तंबूंच्या धंद्याने शेंडी, मुरशेत, पांजरे या गावांतील तरुणांच्या हाती चार पैसे येऊ लागले, हे मान्य केलेच पाहिजे, आणि त्याबद्दल नाके मुरडण्याचा अधिकार शहरातल्या कोणास नाही. नागलीची भाकरी व ठेचा वाढणारा तो तरुण पाहुण्याच्या आग्रहावरून पनीर शोधत राजूरपर्यंत दुचाकी पिटाळतो, आणि राजूरला ज्यासाठी जावे ते पेढे मात्र पाहुण्याच्या यादीत नसतात.

जलाशयाने दगा दिल्यावर पर्यटकाचा अखेरचा आधार म्हणजे काजवा. मे अखेर ते पावसाच्या पहिल्या सरी या काळात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांवर लक्षावधी काजवे लुकलुकतात. ही लुकलुक म्हणजे नराने मादीस घातलेली साद असते आणि मादी तिला प्रकाशानेच उत्तर देते. अंधार ही या विवाहाची एकमेव अट आहे. ही लुकलुक पाहण्यासाठी शनिवारी रात्री मोटारींची रांग लागते, प्रत्येक मोटारीचे दिवे प्रखर असतात, प्रत्येक हातात भ्रमणध्वनीची विजेरी असते, आणि काजवे दिसत नाहीत म्हणून वन विभागाच्या चौकीवर प्रवेशशुल्क परत मागणारे महाभाग निघाले तरी आश्चर्य वाटू नये. नवरदेवाच्या तोंडावर शोधदिवा रोखून वरात मंद का निघाली असे विचारणे, यापेक्षा ते फारसे वेगळे नाही.

येथे एक अवांतर गोष्ट नोंदवावी लागते. ज्यांचे नाव आता जिल्ह्यास दिलेले आहे त्या अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म १७२५ मध्ये याच जिल्ह्यातील चौंडीचा, आणि पाण्याकाठच्या निवासव्यवस्थेचा त्यांच्याएवढा अनुभव फार थोड्या राज्यकर्त्यांना होता: महेश्वरास नर्मदेवर घाट, काशीस गंगेवर घाट, ठिकठिकाणी विहिरी आणि धर्मशाळा. नदीच्या बाजूच्या ओवरीस अधिक आकार त्यांनी लावल्याचे कोठे वाचनात येत नाही. आधुनिक हिशेबतपासनिसाने ही मोठी महसुली त्रुटी मानली असती.

पूर्ण भरलेला जलाशय पाहण्याचा रास्त काळ विचाराल, तर धरण बहुधा १५ ऑगस्टच्या आसपास भरते. मात्र जिल्ह्याची चेरापुंजी म्हणविणारे घाटघर येथून फार दूर नसल्याने त्या दिवसांत खिडकीबाहेर धुके असे दाटते की समोर पाणी आहे की वाहनतळ, हे सांगता येत नाही. उन्हाळ्यात दिसते पण पाणी नसते, पावसाळ्यात पाणी असते पण दिसत नाही. भाडे दोन्ही ऋतूंत लेक व्ह्यूचेच पडते. ज्यांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या आहेत त्यांनी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात यावे. आणि उन्हाळ्यातच यावयाचे असेल, तर खोली कोणत्या बाजूची हे व्यवस्थापकास विचारण्यापूर्वी उन्हाळी आवर्तन कधी सुटणार हे पाटबंधारे शाखेत विचारून घ्यावे. त्या चौकशीस आगाऊ रक्कम भरावी लागत नाही.