मानद सचिव आणि चौथा कॅमेरा

उपविधींनी गृहनिर्माण संस्थेच्या मानद सचिवाकडे इतिवृत्ते, नोंदवह्या आणि पत्रव्यवहार सोपवलेला असला, तरी डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण हार्ड डिस्कवर साठवणाऱ्या पेटीचा, पासवर्ड एकदा हाती आला की तो बाकीची कामे गौण मानू लागतो, हे कोणत्याही सभासदाला वेगळे सांगावे लागत नाही. अखंड चित्रणाने डिस्क लवकर भरते आणि जुन्यावर नवे चढते. म्हणून काही घडले तरच नोंद करून इशारा देण्याची जी सोय पेटीत असते, तिला अलार्म इव्हेंट म्हणतात, आणि सचिवाची उमेद तिच्यातच खर्ची पडते.

ही पेटी चित्राचे बारीक चौकोन पाडून लागोपाठच्या चित्रांतील फरक तपासते; किती फरकाला हालचाल मानायचे, हे सेन्सिटिव्हिटीचा आकडा ठरवतो, आणि तो आकडा एका घराने वरखाली करणे हे सचिवाचे नित्यकर्म होय. रात्री कोळी भिंगासमोर जाळे विणतो, इन्फ्रारेड दिव्यांत ते पांढरे झळकते, वाऱ्याने हलते आणि सचिवाचा फोन वाजतो. तो बॅटरी घेऊन खाली उतरतो, वॉचमनला उठवतो आणि आकडा एका घराने खाली आणतो. त्यानंतर कुणाच्या तरी गाडीवर ओरखडा उमटतो, चित्रणात काहीच सापडत नाही, आणि आकडा एका घराने वर जातो.

गच्चीच्या दाराला त्याने चुंबकीय स्विच बसवला. दार मिटलेले असताना अशा स्विचचे मंडल जोडलेले राहते, म्हणून पेटीत 'एनसी', अर्थात एरवी बंद मंडल, हा पर्याय निवडावा लागतो. सचिवाने 'एनओ', म्हणजे एरवी खुले मंडल, निवडल्यामुळे दार लावले की भोंगा वाजे आणि सताड उघडे ठेवले की शांतता नांदे. वॉचमनने दार उघडेच ठेवण्याचा व्यवहार्य मार्ग पत्करला. सचिवाने सेन्सिटिव्हिटी एका घराने खाली आणली, जिचा त्या दाराशी काडीचाही संबंध नव्हता.

चौथ्या कॅमेऱ्याची गोष्ट निराळी. पहाटे दुसऱ्या मजल्यावरच्या आजी संस्थेच्या जास्वंदीवर हात मारत, आणि फोन वाजे. 'फुले तोडण्यास सक्त मनाई' ही पाटी आजींनी परडी टांगायला वापरली. जास्वंदीपुरते चौकोन वगळले असते तर कटकट मिटली असती, पण पुरावा गोळा करण्याच्या हट्टापायी सचिवाने ते वगळले नाहीत, आणि रोज पहाटे शिव्या देत तो उठत राहिला.

एके पहाटे फोन वाजला नाही. काही न घडणे ही पेटीच्या लेखी घटनाच नसल्याने ती निर्धास्त होती. सचिव मात्र आकडा तपासायचा सोडून दुसऱ्या मजल्यावर गेला, शेजाऱ्यांकडची किल्ली मिळवून आत शिरला आणि न्हाणीघरात घसरून पडलेल्या आजींना त्याने रुग्णालयात पोहोचवले. माणूस तापदायक खरा, परंतु इमारतीत कोण केव्हा दिसायला हवे, हे पाठ असलेला तो एकटाच होता, एवढे त्याच्या विरोधकांनाही नाइलाजाने मान्य करावे लागते.

वार्षिक सर्वसाधारण सभेने या प्रसंगाबद्दल कॅमेरा यंत्रणेचे आभार मानण्याचा ठराव एकमताने संमत केला. तो मांडला होता सचिवानेच, आणि त्याला जोडून नव्या 16 कॅमेऱ्यांचे अंदाजपत्रकही होते.