वर काहीच नाही, तरी 'वरीलपैकी सर्व'

जयंती आली की आपल्या शाळांत दोन गोष्टी हमखास होतात: प्रतिमापूजन आणि ऑनलाइन प्रश्नमंजूषा. ३ जानेवारीला सावित्रीबाई, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा, १४ एप्रिलला बाबासाहेब. आदल्या रात्रीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक येऊन धडकते. 'सोडवा, पुढे पाठवा आणि आकर्षक ई-प्रमाणपत्र मिळवा.' लिंक उघडावी तर आधी संपूर्ण नाव (प्रमाणपत्रावर हवे तसे), शाळा, केंद्र, तालुका, जिल्हा, मोबाइल नंबर. तेवढ्यात निम्मी पोरं दमतात. मग दहा प्रश्न. आणि शेवटी, 'ही प्रश्नमंजूषा आपणास कशी वाटली?' पर्याय तीन: छान, खूप छान, अतिशय छान.

बाकीचे दहा प्रश्नही तसे याच वळणाचे. 'सावित्रीबाईंचा जन्म कोठे झाला?' नायगाव, लंडन, टोकियो, यांपैकी नाही. ज्याला नायगाव माहीत नाही त्यालाही टोकियो नाही एवढं कळतंच. प्रश्न जरा अवघड करायचा झाला, तर बरोबर उत्तर दीड ओळीचं आणि चुकीची तीन उत्तरं एकेका शब्दाची. सहावीतलं पोरगंही ओळखतं की सरांनी जिथे जास्त टंकलंय तिथेच गोल भरायचा. आणि काहीच सुचलं नाही की चौथ्या जागी 'वरीलपैकी सर्व' आहेच. मग कुणीतरी सांगतं, कॉपी होऊ नये म्हणून पर्यायांचा क्रम बदलता ठेवा. ठेवतात. गूगल फॉर्म इमानेइतबारे पर्याय पिसतो आणि 'वरीलपैकी सर्व' सगळ्यांत वर जाऊन बसतो. त्याच्या वर प्रश्नाशिवाय काही नसतं. गुण मात्र त्यालाच.

टंकून लिहायच्या उत्तरांची तऱ्हा निराळी. किल्लीत मास्तरांनी इंग्रजी आकड्यात पाच लिहिलेला असतो. पोरगी मराठी कीबोर्डवर ५ दाबते. चूक. दुसरा अक्षरात 'पाच' लिहितो. चूक. यंत्र अक्षराला अक्षर जुळवून पाहतं, गणित बघत नाही. एकाच प्रश्नाला तीन-चार मान्य उत्तरं नोंदवायची सोय तिथेच दिलेली असते. पण ती शोधायला आपलाच प्रश्न एकदा पोराच्या मोबाइलवरून सोडवून पाहावा लागतो. तेवढी सवड कुणाला? वरून 'सहभागी विद्यार्थिसंख्या आजच, तातडीने कळवावी' असा निरोप आलेला असतो. किती जणांना काय कळलं, हे तातडीने सोडा, सावकाशही कुणी मागवत नाही.

आता थोडा हिशोब. दहा प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, प्रमाणपत्राला ४० टक्के. पन्नास जणांच्या वर्गाने प्रश्न न वाचता अंदाजपंचे दाहोदरसे गोल भरले, तरी सरासरी अकरा जण प्रमाणपत्राचे मानकरी होतात. उरलेल्यांनी नाउमेद होऊ नये. फॉर्म पाठवल्याबरोबर बरोबर उत्तरं दिसतात, आणि तोच फॉर्म पुन्हा भरायला मज्जाव नसतो. दुसऱ्या खेपेला दहापैकी दहा, आईच्या स्टेटसवर प्रमाणपत्र, मावशीचा अंगठा.

खरी मेहनत बरोबर उत्तरात नसतेच, ती चुकीच्या उत्तरांत असते. पाचवी-सहावीचं उदाहरण घ्या. ०.३, ०.६२ आणि ०.४८७ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती? उत्तर ०.६२. पण ज्याने ०.४८७ निवडलं तो दशांशचिन्ह विसरून चारशे सत्त्याऐंशी वाचतोय. ज्याने ०.३ निवडलं त्याने कुठूनतरी उचललंय की चिन्हापुढे आकडे वाढले की संख्या बारीक होत जाते. दोघेही चुकले, पण दोघांचा आजार वेगळा आणि औषधही वेगळं. इथे ०.३ च्या जागी ०.९ ठेवून पाहा: उत्तरच ०.९ होतं, दुसऱ्या पोराचा गैरसमज शाबूत राहतो आणि वर त्याला गुणही मिळतो. एक आकडा बदलला की प्रश्न आंधळा होतो. असा प्रश्न रात्री अकराला, लिंक पाठवायच्या घाईत, तयार होत नाही. वर्गात पोरं काय चुकतात हे कान देऊन ऐकलेल्या मास्तरालाच तो सुचतो.

आणि चौथा पर्याय भरलाच पाहिजे असंही नाही. मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ साली ऐंशी वर्षांचं संशोधन चाळून सांगितलं की तीन पर्याय पुरेत. टोकियोला सुट्टी द्यायला हरकत नाही.

शिवाय जयंती झाली की प्रश्नमंजूषा संपली, हेही उफराटंच. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे विचारण्याचा फायदा नंतर कळतो. सावित्रीबाईंबद्दल १० जानेवारीला पुन्हा विचारून पाहा. त्या दिवशी प्रमाणपत्र नसेल, म्हणून लिंकही कुणी पुढे पाठवणार नाही. तेवढंच बरं.

तेव्हा सर, मॅडम, एवढंच करा. फॉर्म बंद झाला की प्रतिसादांचा सारांश उघडा. बऱ्याच जणांचे चुकलेले प्रश्न तो न मागता वेगळे काढून दाखवतो. त्यातला एक प्रश्न दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्या, आणि कोणत्या चुकीच्या पर्यायावर किती जण गेले ते पोरांसमोरच मोजा. प्रमाणपत्रं त्यानंतर पाठवा. नाही पाठवलीत तरी चालेल.