नवीन आलंय, बघू तरी!

खवय्या वेगळा आणि नवलकाका वेगळे. खवय्या एकनिष्ठ असतो. तो मिसळ एकाच ठिकाणी खातो, बाकरवडी एकाच दुकानातून आणतो आणि मस्तानी कुठली चांगली, यावरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकतो. नवलकाकांची निष्ठा फक्त पाकिटाच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या चांदणीवर. त्या चांदणीत ‘नवीन’ असं छापलेलं दिसलं, की आत सूप आहे की साबण, हे ते घरी गेल्यावर बघतात.

असा गृहस्थ प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या वाट्याला जे आले, त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. पण पोरांनी त्यांना नवलकाका केलं आणि आता कुरिअरवालाही खाली येऊन तेच नाव विचारतो. वय पंचावन्नच्या पुढे, नोकरी बँकेत, स्वभाव अतिशय सावध. स्कूटर चाळीसच्या वर जात नाही, पैसा मुदत ठेवीबाहेर पडत नाही, पावसाळा संपून महिना झाला तरी छत्री हातातून सुटत नाही. पण हाच माणूस तिखट-मीठ लावलेल्या पेरूच्या चवीचं फसफसतं पेय बाटलीला तोंड लावून पितो आणि शेवग्याच्या पाल्याची बिस्किटं न हुंगता तोंडात टाकतो. देवाने त्यांच्या वाट्याला जेवढं साहस दिलं होतं, ते सगळं जिभेवर ठेवलं असावं.

त्यांना कामात गुंतलेलं बघायचं असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारी डी-मार्टात जावं. काकूंच्या हातात यादी असते. तूरडाळ, रवा, शेंगदाणे, भांड्यांचा साबण असं त्या यादीबरहुकूम ट्रॉलीत टाकत जातात. काका त्या वेळी कोपऱ्यातल्या एखाद्या रॅकसमोर चष्मा कपाळावर सरकवून, डबी डोळ्यांजवळ धरून उभे असतात. बिलाच्या रांगेत डाळ-तांदळाच्या पिशव्यांआडून एकेक अनोळखी पाहुणा बाहेर येतो.

“हे काय?”

“काही नाही. नवीन आलंय, बघू तरी.”

“पण आहे काय ते?”

“तेच तर बघायचंय.”

या उत्तरापुढे काकूंचं तीस वर्षांत काही चाललेलं नाही.

चव घेण्याची त्यांची एक पद्धत आहे. आधी पाकीट हलवून आवाज ऐकायचा. मग मागचा बारीक मजकूर वाचायचा, तोही मोठ्याने, म्हणजे घरातल्यांनाही साखरेचं प्रमाण कळतं. मग पहिला घास. त्यानंतर काका खिडकीबाहेर बघतात आणि घरातले काकांच्या तोंडाकडे. निकाल ठरलेल्या शब्दांत येतो. ‘चालेल’ म्हणजे बरं आहे. ‘वेगळं आहे’ म्हणजे वाईट आहे. आणि ‘इंटरेस्टिंग आहे’ म्हटलं की काकू उठून पाण्याचा तांब्या आणतात. सरळ ‘भिकार आहे’ असं त्यांना म्हणता येत नाही, कारण पैसे स्वतःचे असतात. ‘आवडलं’ हा शब्द मात्र आम्ही त्यांच्या तोंडून फारसा ऐकलेला नाही. त्याला कारण आहे, ते पुढे येईल.

हा छंद बालपणापासूनचा. 1977 साली कोका-कोला देशाबाहेर गेला तेव्हा काका दुसरीत होते. मग जनता सरकारच्या काळात सरकारी कारखान्याने ‘डबल सेव्हन’ नावाचा कोला काढला. तो प्यायल्याचं काका आजही अभिमानाने सांगतात. “सरकारने काढलेलं कोल्ड्रिंक प्यायलोय मी! रेशन कार्ड न दाखवता!” 1983 साली मॅगी आली. जाहिरात म्हणे, दोन मिनिटांत तयार. काकांच्या घरी तेव्हा रॉकेलचा स्टोव्ह होता. दोन मिनिटं तर पंप मारून तो पेटवण्यातच जायची, आणि पेटला की आजी, म्हणजे काकांच्या आई, म्हणायच्या, “पेटलाच आहे तर आधी आमटी उकळून घेते.” 1985 साली फ्रूटी आली. रस पुठ्ठ्याच्या खोक्यात राहतो आणि नळी खुपसून प्यायचा, यावर वाड्यातल्या कोणाचा विश्वास बसेना. काकांनी एक खोकं रिकामं केलं, त्यात फुंकून हवा भरली आणि जमिनीवर ठेवून त्यावर उडी मारली. त्या आवाजाने समोरचे भाडेकरू बाहेर आले आणि पेयाची जाहिरात आपोआप झाली.

आता जाहिरात बघण्याचीही गरज उरलेली नाही. मोबाइलवर बोट टेकवलं की दहा-पंधरा मिनिटांत माणूस दारात. रात्री अकराला बेल वाजली की शेजाऱ्यांना पूर्वी कोणी आजारी पडलंय की काय अशी शंका यायची. आता सगळ्यांना माहीत असतं, काकांना काहीतरी बघायचंय. शिवाय घरपोच फुकट हवं तर अमुक रुपयांची खरेदी करावी लागते. म्हणून एका नव्या वस्तूबरोबर आणखी तीन नव्या वस्तू येतात आणि काका काकूंना वीस रुपये वाचवल्याचा हिशेब समजावून सांगतात.

याचे परिणाम स्वयंपाकघरात दिसतात. काकूंच्या घरी कपडे वाळत घालायला चिमटे सापडत नाहीत, कारण सगळे अर्धवट फोडलेल्या पाकिटांना लावलेले असतात. फ्रिजच्या दारात बाटल्यांची इतकी दाटी, की दार उघडलं की त्या खणखणतात. थायलंडची मिरची, मेक्सिकोचा सॉस, इटलीची पाल्याची चटणी, प्रत्येकीतला एक चमचा संपलेला. उरलेल्याचं करायचं काय? कामाच्या मावशींनी केव्हाच बजावलंय, “ताई, पगार वाढवा, पण ते डबे नका देऊ.” वॉचमन मात्र घेतो. घेऊन घेऊन तो इतका तयार झालाय, की परवा गेटवर अडवून म्हणाला, “काका, मागच्या वेळचं चीज यापेक्षा चांगलं होतं.”

काकूंचा खरा राग आहे तो तयार पदार्थांवर. एकदा काकांनी कपातले पोहे आणले. झाकण काढा, गरम पाणी ओता, पुन्हा झाका, काही मिनिटं थांबा. काका घड्याळ लावून बसले. तेवढ्या वेळात काकूंनी पलीकडच्या शेगडीवर कांदा चिरून, फोडणी करून कढईभर पोहे परतले, वर खोबरं-कोथिंबीर घातली आणि बशी समोर आदळली. “ज्या पोह्यांना मुळातच वेळ लागत नाही, त्यांचा वेळ वाचवायला कंपनी काढलीय लोकांनी!” काका कपात चमचा फिरवत म्हणाले, “वेगळं आहे.” काकू पुढे म्हणाल्या, “सातूचं पीठ, मेतकूट, लाह्या… आमच्या आजीच्या फडताळात हेच सगळं होतं. फक्त त्यावर पिवळी चांदणी नव्हती.” यावर काका तत्परतेने म्हणाले, “सातूचं पीठ? आता चॉकलेट चवीत आलंय.”

काका प्रवासालाही रिकाम्या हाताने जात नाहीत. 2024 च्या जूनमध्ये त्यांनी बातमी वाचली, की कोरियातल्या काही नूडल्स फार तिखट आहेत म्हणून डेन्मार्कच्या सरकारने बाजारातून मागे घ्यायला लावल्या. सरकारने अडवलेली वस्तू म्हटल्यावर काका पेटले. पुडे मागवले आणि कोल्हापूरला, म्हणजे थेट सासुरवाडीलाच, घेऊन गेले. तिथे सगळ्यांना आधी सूचना दिल्या, दुधाचे पेले भरून ठेवायला लावले, लहान मुलांना बाहेरच्या खोलीत पाठवलं. मेहुण्याने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग आत हाक मारली, “अगं, जरा ठेचा आण गं. दाजींनी गोड शेवया आणल्यात.”

पण सगळ्यात मोठा प्रयोग झाला तो आषाढी एकादशीला. काकांनी संध्याकाळी बबल टी आणला. उंच प्लॅस्टिकचा पेला, बोटभर जाड नळी, दुधाचा गार चहा आणि तळाशी काळे गोळे. घरात आजींचा निर्जळी सोडून बाकी सगळ्या प्रकारचा उपास.

“आई, घे. उपासाला चालतं.”

“काळं काय आहे ते?”

“साबुदाणा.”

“काळा?”

“गुळातला समज. ही तैवानची पद्धत.”

आता काका खोटं बोलत नव्हते. तैवानमधून जगभर गेलेल्या या पेयातले गोळे टॅपिओकाच्या पिठाचे असतात आणि आपल्याकडे तमिळनाडूतल्या सेलमकडून येणारा साबुदाणाही त्याच कंदाचा. आजींनी मनाशी हिशेब केला. चहा चालतो, दूध चालतं, साबुदाणा चालतो. हरकत घ्यायला जागाच उरली नाही. त्यांनी नळी तोंडात धरली, पहिला गोळा सटकन घशात गेला, ठसका लागला, सुनेने पाठीवर थापट्या मारल्या. श्वास परत आल्यावर आजी एवढंच म्हणाल्या, “साबुदाणा भिजवून, परतून, सुखाने चावून खायचा. बंदुकीतून काय मारता?”

काकांना तेवढं निमित्त पुरलं. ते सुरू झाले, की साबुदाण्याचा तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. खिचडीतला शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचा. हिरवी मिरचीही अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांनी आणलेली. म्हणजे ज्ञानेश्वर माउलींनी उपासाची साबुदाण्याची खिचडी कधी पाहिलीसुद्धा नसणार!

आजी क्षणभर गप्प झाल्या. “मग माझ्या इतक्या एकादश्या?”

“त्या पोचल्या गं. मला एवढंच म्हणायचंय, की कोणीतरी पहिल्यांदा चाखून बघितलं असेल ना? त्यालाही घरचे असंच बोलले असतील.”

पहिल्यांदा चाखणाऱ्यांचा कैवार घेताना काकांचा आवाज चढतो. त्यांचा हुकमी पुरावा पुण्यातलाच आहे. 1890 साली ख्रिस्ती लोकांच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि नंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. मंडळीही साधीसुधी नाहीत, न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले! गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात आग लागली. ग्रामण्य झालं, बहिष्काराची भाषा झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. “एका कप चहासाठी!” काका मांडीवर थाप मारून म्हणतात. “आणि आज त्याच पुण्यात चहा विचारला नाही तर लोक नावं ठेवतात. त्यांना प्रायश्चित्त पडलं, मला नुसती ॲसिडिटी होते. मी स्वस्तात सुटतो.”

यावर आम्ही हसतो खरे, पण काकांचा उपयोग सगळेच करून घेतो. नवं आइस्क्रीम आलं, की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, “काका, घ्यावं का?” काका ‘चालेल’ लिहितात, मगच आमच्या घरात ते येतं. ते ‘इंटरेस्टिंग’ लिहितात आणि वीस-पंचवीस कुटुंबांचे पैसे वाचतात. कंपन्या चव तपासायला पगारी माणसं ठेवतात म्हणे. आमच्याकडे हे काम बिनपगारी होतं आणि वर कपभर फुकट मिळतं.

आता त्या ‘आवडलं’ या शब्दाबद्दल. काकांच्या जिभेला एक शाप आहे. त्यांना मनापासून आवडलेली वस्तू बाजारात टिकत नाही. लहानपणी जीव जडला तो गोल्ड स्पॉटवर, पुढे सिट्रावर. 1993 साली कोका-कोला परत आला, त्याने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा असा पारलेचा सगळा गोतावळाच विकत घेतला. पुढे गोल्ड स्पॉट गेलं, सिट्राही गेलं. राहिलं कोण? काकांनी ‘चालेल’ म्हणून सोडून दिलेलं थम्स अप. तेव्हापासून हे असंच. एखादी चटणी, एखादी कुल्फी, फक्त पावसाळ्यात मिळणारा मक्याचा चिवडा, काकांनी दुसऱ्यांदा मागितला की समजावं, याचे दिवस भरले. ज्याला त्यांनी नाकं मुरडली, ते मात्र लग्नाच्या पंगतीत जाऊन बसतं, उपासालाही चालायला लागतं आणि आणखी पन्नास वर्षांनी ‘आमच्या आजीच्या हातचं’ होतं. तोपर्यंत काका पुढच्या रॅकपाशी गेलेले असतात.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला हे गणित आमच्या आधी कळलं. गेल्या आठवड्यात त्याच्याकडे आवळा आणि आल्याचं फसफसतं सरबत आलं. काकांनी तिथेच बाटली उघडली, घोट घेतला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा एक घोट घेतला. “वा! फार आवडलं. रोज एक बाजूला काढून ठेवत जा.”

दुकानदाराने काकांना हसून नमस्कार केला आणि ते वळल्याबरोबर एजंटला फोन लावला, “भाऊ, उरलेले क्रेट आजच उचला. इथे एका गिऱ्हाइकाला आवडलंय.”