तीन ओळींत मावणारा तालुका

शिरीष पै यांनी जपानी हायकू मराठीत रुजवला, पण त्याचा प्रशासकीय उपयोग अजून कुणी केलेला नाही. मोखाडा तालुक्यातले खोडाळा त्यासाठी आदर्श आहे. हायकूने क्षण टिपायचा असतो, कारणे द्यायची नसतात. धो धो पाऊस ही पहिली ओळ, मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण ही दुसरी, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे हंडे ही तिसरी. या तिन्हींचा परस्परसंबंध लावू पाहणे हा शुद्ध अरसिकपणा होय. धुक्यासाठी येणारे पर्यटक हे पथ्य फार पूर्वीपासून पाळतात.

एवढ्याशा रचनेत गावाचे गाऱ्हाणे मावणार कसे, असा आक्षेप येईल. पण आश्वासन एका ओळीत मावते, मग गाऱ्हाण्यानेच ऐसपैस का बसावे? म्हणून पाणीटंचाईचे अर्ज यापुढे पाच-सात-पाच अक्षरांतच घ्यावेत. त्याने कागद वाचेल, वाङ्मय वाढेल आणि निकालही तात्काळ लागेल. पहिल्याच अर्जावर शेरा तयार आहे: ‘मधल्या ओळीत दोन अक्षरे जास्त. “पाणी” वगळून पुन्हा सादर करावे.’