सिक्युरिटी काका

वसईतल्या आमच्या वाडीची पोरं त्यांना पाठीमागे 'सिक्युरिटी काका' म्हणतात. पगार नाही, गणवेश नाही, ड्यूटी मात्र चोवीस तास. ख्रिस्ती नवरा हा घरादाराचा रक्षणकर्ता असतो, हे काकांनी लग्नाआधीच्या मॅरेज कोर्समध्ये ऐकलं आणि तेव्हापासून ते शत्रूची वाट बघत बसलेत. शत्रू काही यायचं नाव घेत नाही.

रात्रीची रोझरी संपली की गस्त सुरू. पुढचं दार, मागचं दार, गॅसचं बटण, गच्चीवरची टाकी. प्रत्येक कडीला हात लावून काका मोठ्याने 'लागली' म्हणतात; कडीलाही ते कळलेलं बरं. केळीच्या बागेवर त्यांनी सीसीटीव्ही रोखून ठेवलाय. त्यात आजवर एक मुंगूस, शेजारचा बोका आणि मागच्या दाराने सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन येणाऱ्या काकूंच्या आई, एवढेच संशयित सापडलेत.

पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय म्हणजे काकांचा सातबारा. पती हा पत्नीचं मस्तक, ही नोंद तिथलीच. मिस्सात हे वाचन तीन वर्षांतून एकदा, ऑगस्टच्या अखेरीकडच्या रविवारी येतं. 2024 साली ते 25 ऑगस्टला आलं. काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर. बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं, हे कानावर पडताच त्यांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. काकूंचं लक्ष पुढे होतं. कारण बायकांना पौल तीन वचनांत मोकळं करतो आणि मग नवऱ्यांना धरून बसवतो: ख्रिस्ताने ख्रिस्तसभेसाठी स्वतःला वाहून दिलं, तसं बायकोवर प्रेम करा. घरी येताना रिक्षात काकू म्हणाल्या, "अहो, जीव राहू द्या. उतरून रांगेत उभे राहा आणि मटण तेवढं आणा."

शत्रू एकदा आला, पण पाण्याच्या रूपात. 2018 च्या जुलैत वसईत पाणी भरलं, रूळ बुडाले, वीज गेली. काकांच्या आयुष्याचं सार्थक व्हायची वेळ! बॅटरी घेऊन ते जेवणाच्या टेबलावर चढले आणि तिथून हुकूम सुटू लागले: तांदळाचं पिंप उचला, गाद्या माळ्यावर टाका, आधी इन्व्हर्टर! उचलायला काकू आणि दहावीतली मुलगी. काकांनी शेवटपर्यंत उजेड दाखवला, हे मान्य करायलाच हवं. स्वतःच्या नव्या चपला तरंगत दाराबाहेर निघाल्या, तेव्हा तो थोडा हलला इतकंच.

काकांचा आदर्श संत योसेफ. 1870 साली पोप पायस नववे यांनी त्याला सबंध ख्रिस्तसभेचा आश्रयदाता जाहीर केलं. काकांच्या मते तेव्हापासून दोघांचं खातं एकच. त्यात पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये मनिलात कुटुंबांपुढे बोलताना सांगितलं, की माझ्या टेबलावर झोपलेल्या योसेफाची मूर्ती असते आणि अडचण आली की मी चिठ्ठी लिहून तिच्याखाली सरकवतो. काकांनी तशी मूर्ती पैदा केली आणि त्यांच्या दुपारच्या झोपेला धर्माचा आधार मिळाला.

"योसेफाला देवदूत भेटला तो स्वप्नात. जागेपणी एकदाही नाही," काका उशी सारखी करत म्हणतात.

"तो उठला आणि त्याच रात्री मायलेकरांना घेऊन इजिप्तला निघाला," काकू म्हणतात. "तुम्ही उठता आणि चहा मागता."

मूर्तीखाली हल्ली काकूंच्याच चिठ्ठ्या असतात. 'मोरीचा नळ गळतोय.'

शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडी एक शब्द नाही. काकांना हे एका बाबतीतच जमलंय. मुलगी आता अंधेरीला नोकरी करते. सेकंड शिफ्ट असली की पाऊण वाजायला वसई रोडला उतरते. 'मी लहान नाही, मला घ्यायला यायचं नाही,' असं तिने पहिल्याच आठवड्यात बजावलंय. त्यामुळे काका घ्यायला जात नाहीत. ते नुसते स्टेशनबाहेर स्कूटर लावून उभे असतात. हँडलला दोन हेल्मेटं. तडकलेल्या काचेचं ते स्वतः घालतात. पावसाळ्यात डिकीत कोरडा रेनकोट असतो आणि काका भिजत असतात. निघायच्या घाईत घराचं मागचं दार सताड उघडं राहतं, ते सीसीटीव्हीत स्पष्ट दिसतं.

आपण कुटुंब कसं सांभाळलं याची यादी काका कोणालाही ऐकवतात. कड्या, कॅमेरा, पूर, सगळं येतं. स्टेशन येत नाही. मी एकदा मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, "त्यात कसलं रक्षण? मेडिकलमध्ये काम असतं."

मुलगीही आता मागे बसता बसता विचारते, "मिळालं का औषध?"

"स्टॉक नाही म्हणतो," काका किक मारतात. "उद्या बोलावलंय."