सात किलोची क्रूझर

169 सेंटिमीटर ही लांबी माणसाला शोभते. वस्तू एवढी लांब असली की तिचं करायचं काय, हे घरात कुणालाच कळत नाही. त्यात ती रुंदीला जेमतेम 17 सेंटिमीटर असेल तर तिच्यावर बसता येत नाही, तिच्यात काही ठेवता येत नाही आणि ती कोपऱ्यात उभी केली तर रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस किंचाळतो. मामांची ‘आयएनएस दिल्ली’ नेमकी या मापाची आहे.

डोंबिवलीतली मामींची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, माळे रिकामे झाले, आणि मामींचा फोन आला. “तुझ्या मामाचं जहाज घेऊन जा बाबा. भंगारवाला दीडशे म्हणतोय.” मी पोचेपर्यंत त्यांनी त्याला एकशे ऐंशीवर आणलं होतं, त्यामुळे मला बघून त्यांचा चेहरा किंचित पडला. धूळ जिन्यात सांडू नये म्हणून त्यांनी जहाज पांढऱ्या चादरीत गुंडाळून सुतळीने तीन ठिकाणी बांधलं. जिना अरुंद. पुढे मी, मागे मामींचा नातू. तळमजल्यावरच्या आजोबांनी आम्हाला येताना पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडले. वॉचमनने फाटकाची दोन्ही दारं उघडली आणि रस्त्यावरच्या रिक्षा थांबवल्या. मी खुलासा करणार तेवढ्यात वरून गॅलरीतून मामींचा आवाज आला, “अरे हळू! मागचा पंखा मोडेल त्याचा!”

मामा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात फिटर होते आणि ‘दिल्ली’वर त्यांचा जीव होता. तसं तिचं आयुष्यही जीव लावण्यासारखंच. 1932 साली इंग्लंडात बर्कनहेडच्या गोदीत ती पाण्यात उतरली ती ‘अकिलीझ’ या नावाने. 13 डिसेंबर 1939 रोजी दक्षिण अटलांटिकात रिव्हर प्लेटच्या लढाईत तिने आणि आणखी दोन क्रूझरांनी ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेला इतकं जेरीस आणलं, की चार दिवसांनी जर्मन कप्तानाने माँटेव्हिडिओबाहेर आपलं जहाज आपणच बुडवलं. 1948 साली ती भारताने घेतली. 1956 साली त्या लढाईवर इंग्रजी सिनेमा निघाला, तेव्हा ‘अकिलीझ’चं काम ‘दिल्ली’नेच केलं. आपल्या चरित्रपटात आपणच काम करायचं आणि वर दिग्दर्शकाकडून वयाबद्दल एक शब्द ऐकून घ्यायचा नाही, हे भाग्य नटांनाही मिळत नाही. 1961 च्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या मोहिमेत तिने दीवला तोफा डागल्या. 30 जून 1978 रोजी ती सेवेतून गेली, आणि मामांनी त्याच वर्षी प्लायवुड कापायला घेतलं.

प्रमाण धरलं एकास शंभर. मामांना गणित सोपं जावं, एवढाच हिशेब. पण या सोप्या गणितात एक खोच आहे. लांबी शंभराने भागली की वजन दहा लाखांनी भागावं लागतं, कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही शंभर पटीने आटतात. म्हणजे सात हजार टनांच्या क्रूझरचं मॉडेल भरायला हवं सात किलो. तेल, दारूगोळा, माणसं भरून खरी ‘दिल्ली’ नऊ हजारांच्या पुढे जायची, तेव्हा अगदी सढळ हाताने दहा किलो धरू. मामांची ‘दिल्ली’ रद्दीवाल्याच्या काट्यावर तेरा किलोंच्या वर भरली. मामा फिटर होते. फिटर माणूस कुठलीही वस्तू सुटू नये म्हणून बांधतो, तरंगावी म्हणून नाही.

दुसऱ्याने बनवलेली वस्तू दुरुस्त करणं म्हणजे त्या माणसाशी भांडण. तो हयात नसेल तर भांडण जास्तच लांबतं, कारण माघार घ्यायला समोर कुणी नसतं.

पहिली खडाजंगी बॅटरीवरून झाली. डेक उचकटला तर आत दोन प्रकारची विषं सांडलेली. जहाज दुरून चालवायच्या रेडिओच्या डब्यातले अल्कलाइन सेल फुटून त्यांच्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती, आणि मोटारींसाठी ठेवलेली मोटारसायकलची 6 व्होल्टची बॅटरी आपलं आम्ल आजूबाजूच्या प्लायवुडला पाजून मोकळी झाली होती. सेलमधून गळतं ते अल्कली, त्याला व्हिनेगर लागतं. बॅटरीतून गळतं ते आम्ल, त्याला खायचा सोडा. “अहो, ढोकळा करताय का?” बायकोने विचारलं. जुना टूथब्रश घेऊन मी एका बाजूला आंबट आणि दुसऱ्या बाजूला सोडा चोळत बसलो होतो. दोन्ही मधोमध भेटले तेव्हा फसफस झाली आणि ढोकळ्याची शंका पक्की झाली.

खालचं प्लायवुड काळं पडून भुसभुशीत झालं होतं. तेवढं कापून नवं घातलं, वर फायबरग्लासचं कापड आणि रेझिन, मग लांबी, मग पॉलिश पेपर. या कामात सांगण्यासारखं काही नाही. घासत राहायचं. घरभर पांढरी भुकटी होते आणि घरातली माणसं बोलायची बंद होतात, एवढंच.

मजा होती ती वरच्या बांधकामात. धुराड्याचा रंग खरवडला तर आतून गुलाबी फुलं आणि एका तरुणीचा अर्धा गाल बाहेर आला. मामांनी टाल्कम पावडरचा पत्र्याचा डबा उलटा करून बसवला होता. या जातीच्या क्रूझरला धुराडं एकच, रुंद आणि अंडाकृती, आणि तेव्हाचे पावडरचे डबेही अंडाकृतीच असायचे. बॉयलरचा धूर सोडणारा आणि लग्नात वास सोडणारा आकार एकच निघावा, हे ओळखायला नजर लागते. तोफा बॉलपेनच्या पितळी रिफिलींच्या. ब्रिज मात्र जाड पितळी पत्र्याचा, झाळकाम इतकं सुबक की बघत राहावं, आणि वजन इतकं की हातातून सुटला तर पायाचं बोट जावं. जहाज वरून जड असलं की कलंडतं, हे गोदीतल्या माणसाला मी काय सांगणार? त्यांना ते कळलं होतंच. कसं कळलं, ते मला तळाशी सापडलं.

जहाजाच्या पोटात मेण ओतून त्यात शिसं बसवलेलं होतं. चमच्याच्या दांड्याने मेण उकरायला लागलो तर एक चौकोनी सळई निघाली. टोकाला अक्षर, तेही उलटं. उजेडात धरलं तर ‘ढ’. मी मनाला लावून घेतलं नाही. पुढे ‘ङ’ निघाला, मग ‘ञ’, मग पुन्हा ‘ङ’, मग मूठभर ‘ॠ’. छापखान्याचे खिळे! ऑफसेट आल्यावर गिरगावातल्या एका मित्राने छापखाना बंद केला, तेव्हा मामांनी पिशवी भरून आणले होते, असं मामी म्हणाल्या. मित्राने अर्थातच बिनकामाची अक्षरं दिली असणार. ‘क’ आणि ‘त’ कोण फुकट देतं? मराठीत ज्यांना वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही ती सगळी मंडळी युद्धनौकेच्या तळाशी एकत्र नोकरीला लागली होती.

मेणाचे थर तीन होते, आणि त्यांचा रंगही वेगवेगळा. बाहेरून पाण्याच्या रेघेचा लाल रंग घासत गेलो तर त्याखाली आणखी एक रेघ, आणि तिच्याही खाली आणखी एक. मग उत्खननात सापडलेल्या थरांसारखं सगळं वाचता आलं. मामांनी पितळी ब्रिज बसवला, जहाज कललं. ते सरळ व्हावं म्हणून तळाशी खिळे भरले, जहाज सरळ झालं पण खाली गेलं. मामांनी लाल रेघ वर नेली. मग मागे आणखी काही पितळी चढवलं, पुन्हा खिळे, पुन्हा रेघ. ब्रिज हलका करावा, हा विचार त्यांना एकदाही शिवला नाही. स्वतःच्या हातचं झाळकाम मोडायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

ते पाप मी केलं. ब्रिज आणि मागचं पितळ उतरवून त्याच मापाचं बाल्सा लाकूड आणि पातळ प्लॅस्टिकचा पत्रा वापरला. नवी बॅटरी मुद्दाम शिशाचीच घेतली आणि आडवी, अगदी तळाला बसवली. जे वजन काम करतं तेच तळाशीही बसतं. खिळ्यांची त्यामुळे बरीच कपात झाली. रेडिओही बदलला. मामांचा 27 मेगाहर्ट्झचा, कुणीतरी दुबईहून आणलेला, त्याची वायर डोलकाठीपासून मागच्या टोकापर्यंत ताणलेली. आताच्या 2.4 गिगाहर्ट्झला बोटभर वायर पुरते. ती तेवढी पाण्याच्या रेघेच्या वर ठेवायची, पाण्याखाली हा सिग्नल मरतो. चोरबाजारातल्या मोटारी साफ करून तेल दिल्यावर पहिल्याच फटक्यात फिरल्या. त्या बदलायची माझी प्राज्ञा नव्हती. पावडरचा डबाही तसाच ठेवला.

बुरजांचा वाद अजून मिटलेला नाही. दोन-दोन तोफांचे फिरते बुरूज, म्हणजे टरेट, मॉडेलवर पुढे दोन होते आणि मागे नुसतं गोल भोक. शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर रोज संध्याकाळी पाहणीला यायचे. त्यांनी मोबाइलवर 1939 चा फोटो काढला आणि चार बुरूज मोजून दाखवले. “दोन गहाळ आहेत,” ते ऑडिटच्या सुरात म्हणाले. मी त्यांना सांगितलं, की 1943 च्या जानेवारीत ग्वाडलकॅनालजवळ जपानी बॉम्ब पडला तो नेमका तिसऱ्या बुरजावर. पुढे पोर्ट्समथला दुरुस्ती झाली तेव्हा तो बुरूज काढूनच टाकला आणि तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. भारतात ती तीन बुरुजांनिशीच आली, सिनेमातही तीनच आहेत. “आणि शेवटचा?” ती पूर्वी न्यूझीलंडच्या नौदलात होती, म्हणून शेवटचा खरा बुरूज 1978 नंतर भारताने न्यूझीलंडला भेट दिला, ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नाविक तळावर आजही आहे. “तुमचाही तिकडेच गेला का?” त्यांनी विचारलं. मामींना फोन लावला. “तो होय? धाकटा त्याला गाडी करून खेळायचा. शाळेत घेऊन गेला एकदा, मग आणला की नाही कोण जाणे.” मॅनेजरसाहेबांनी मान हलवली. “म्हणजे एक बुडीत खातं, एक विनातारण कर्ज.”

रंगाच्या दुकानात मी ग्रे मागितला. पोराने शेडकार्ड उघडलं. “काका, ग्रेमध्ये लय प्रकार आहेत. घराच्या आतला पाहिजे का बाहेरचा?” मी म्हटलं, “समुद्रातला.” त्याने कार्ड मिटलं आणि मालकाला हाक मारली.

मग प्रश्न आला पाण्याचा. असली कामं बाथटबमध्ये करायची असतात, असं इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं. आमच्या बाथरूममध्ये 169 सेंटिमीटरचं जहाज आणायचं तर गिझर काढावा लागेल. गच्चीवरच्या टाकीसाठी सेक्रेटरींना विचारलं, तर ते म्हणाले, “पिण्याच्या पाण्यात युद्धनौका सोडायची तरतूद उपविधींत नाही.” पण आम्ही ठाण्यात राहतो, आणि गणपती आले होते. विसर्जनासाठीचा कृत्रिम तलाव चतुर्थीच्या सकाळीच भरून तयार होता. जहाज घेऊन गेलो (या वेळी फुलाफुलांच्या चादरीत). तिथला स्वयंसेवक म्हणाला, “काका, विसर्जन उद्यापासून.” मी म्हटलं, “मला बुडवायचं नाही रे, बुडत नाही ना ते बघायचंय.” त्याने विचार करून परवानगी दिली आणि बाजूला निर्माल्याचा कलश आहे हेही सांगून ठेवलं.

जहाज पाण्यात ठेवलं. किंचित उजवीकडे झुकलं. काही ‘ङ’ डाव्या बाजूला सरकवले, सरळ झालं. रेघ पाहिली तर पाणी तीनपैकी सगळ्यात खालच्या, सगळ्यात जुन्या लाल रेघेला टेकलं होतं. मामांनी पहिल्यांदा कागदावर काढलेलं गणित बरोबर होतं. पुढचा सगळा घोळ पितळेचा.

नंतर एका पहाटे तलावपाळीला, बोटिंगवाल्याला आधी विचारून, तिला मोकळी सोडली. खऱ्या ‘दिल्ली’चा वेग 32 नॉटांच्या वर होता. मॉडेलच्या लाटा खऱ्या जहाजासारख्या दिसाव्या असं वाटत असेल तर वेग शंभराने नाही, शंभराच्या वर्गमुळाने म्हणजे दहाने भागायचा असतो. हिशेब येतो ताशी सहा किलोमीटरचा. तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या मधुमेही मंडळींचा वेग अगदी तेवढाच, त्यामुळे एक टी-शर्टवाले गृहस्थ तिच्याशी बरोबरी करत काठाकाठाने पार गडकरी रंगायतनापर्यंत गेले आणि तिथे दम लागून बसले. उरलेल्यांनी विचारलं, “केवढ्याला पडलं? ऑनलाइन मिळतं का?”

मामींना रिक्षाने आणलं होतं. त्यांनी जहाज दोन्ही बाजूंनी पाहिलं, ब्रिजकडे बोट दाखवून “हा लाकडाचा?” असं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर काठावरच मामांचा उद्धार सुरू केला. “लाकडाचा चालत होता तर माझ्या रुखवतातल्या पितळी डब्यांची झाकणं कशाला कापली मेल्याने? ‘उंदरांनी नेली’ म्हणाला होता मला!” पितळ मी दुसऱ्याच दिवशी पोचतं केलं. ते झाळून एकजीव झालेलं असल्यामुळे त्याची झाकणं काही परत होणार नाहीत, हे मामींनी मान्य केलेलं नाही.

तेव्हा दोन विनंत्या. तुमच्याही घरात रिडेव्हलपमेंट असेल आणि माळ्यावरून चालणारं-फिरणारं काही निघालं, तर देऊन टाका, ठेवून द्या, काय हवं ते करा, पण आतली बॅटरी आधी काढा. आणि डोंबिवलीत शाळेत शिकलेल्या कुणाच्या खेळण्यांत सहा-सात सेंटिमीटरचा एक करडा बुरूज असेल, समोर दोन पितळी रिफिली असलेला, तर तो आमचा आहे. माझ्याकडे तूर्त काड्यापेटीचा बसवला आहे. रिक्षाभाडं मी देईन.