नामदेवांनी तीनदा सांगितले

विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, या वादात दोन्ही गावांनी मोर्चे काढले, बाजारपेठा बंद ठेवल्या. विद्यापीठ नांदेडला आहे आणि बोर्डाचं विभागीय मंडळ लातूरला, त्यामुळे परीक्षेच्या बाबतीत तरी फिट्टंफाट झाली म्हणायची. पण नोट्स कुठल्या भारी, हा तंटा काही मिटलेला नाही. त्यात मी पंच म्हणून बसायला लायक आहे, कारण माझं गाव अहमदपूरजवळ, म्हणजे नांदेड-लातूर एसटीच्या वाटेवर. डॉक्टर व्हायला लातूरला गेलो आणि मराठीचा प्राध्यापक होऊन नांदेडला उतरलो. दोन्हीच्या मधे जे जे कुणी सांगितलं, ते सगळं मी वहीत उतरवून घेतलं.

हे सगळं वर यायचं कारण माझा भाचा. तो तेव्हा लातुरात नीटची तयारी करत होता. एका रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, ह्याला टॅब पायजे म्हणायलाय. वहीत लिहून होईना म्हणं. वर्गातली समदी लेकरं टॅबवर लिहायलेत म्हणं. तू शिकलेला हाइस, तूच सांग, लिहिलेलं ध्यानात राहातंय का टायपिंग केलेलं?"

एवढा थेट प्रश्न मला पीएचडीच्या तोंडी परीक्षेतही कुणी विचारला नव्हता.

लातूरबद्दल आधी सांगतो. राजर्षी शाहू महाविद्यालयातून जो 'लातूर पॅटर्न' निघाला आणि महाराष्ट्रभर गाजला, त्यात जादूटोणा काही नव्हता. शिकवायचं, सराव करून घ्यायचा, चाचणी घ्यायची, चुकलेलं पुन्हा शिकवायचं आणि पुन्हा चाचणी घ्यायची. तिथले प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे १९९४ साली नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. म्हणजे त्यांची एसटीही माझ्याच मार्गाने गेली, फक्त ते नापास न होता गेले. माझ्या वेळी या पॅटर्नचं इंधन होतं रेनॉल्ड्सचा पेन. निळ्या टोपणाचा, पांढऱ्या अंगाचा. आठवड्याला एक संपायचा आणि संपलेल्या कांड्या मुलं खिडकीत ओळीने लावून ठेवायची. कुणी किती अभ्यास केला, हे खोलीत शिरल्याशिरल्या कळायचं. काही हुशार मुलं दुसऱ्यांच्या कांड्या आणून लावत, ती पुढे राजकारणात गेली.

वर्गात सर बोलायचे मराठीत आणि फळ्यावर लिहायचे इंग्रजीत. "हे बघा लेकरांनो, हे रक्त इकडून येतंय, हा दरवाजा उघडतोय, आन् हे खाली पडतंय," असं सांगता सांगता फळ्यावर मात्र झडपेचं लांबलचक इंग्रजी नाव उमटायचं. वहीत दोन्ही उतरायचं. अर्धं वाक्य देवनागरी, अर्धं रोमन, मधे एक बाण, बाणाच्या टोकाला हृदय. दुपारच्या तासाच्या ओळी हळूहळू उजवीकडे उतरत जायच्या आणि एका ठिकाणी पेनाची रेघ थेट समासाबाहेर घसरायची. पुढे सहा महिन्यांनी वही उघडली तरी कळायचं, की पचनसंस्थेच्या या मुद्द्याला आपल्याला झोप लागली होती, हा भाग पुन्हा वाचला पाहिजे. एवढी प्रामाणिक नोंद कुठलंही यंत्र ठेवत नाही.

बारावीचा निकाल लागला आणि वडिलांनी दुसरा मार्ग दाखवला. "डाक्टर नाही तर नाही, टायपिंग तरी कर." तेव्हा मराठवाड्यात कोणत्याही घरात एक तरी पोरगं टायपिंगच्या क्लासला असायचंच. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, हे शब्द लोक गोत्र सांगावं तसे सांगत. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे हे आधी सांगायचे आणि जमीन नंतर. नांदेडला एका बोळातल्या इन्स्टिट्यूटमध्ये गोदरेजची यंत्रं ओळीने मांडलेली होती. या यंत्रांचा मान मोठा. गोदरेजने पहिलं भारतीय टाइपरायटर बाजारात आणलं १९५५ साली, आणि आमच्या वाट्याचं यंत्र बहुधा त्याच तुकडीतलं असावं. त्याची एक कळ दाबली की दोन दांड्या उठायच्या आणि वाटेत एकमेकींत अडकायच्या.

तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी दिलेला मंत्र मी अजून विसरलेलो नाही. "वाचायचं नाय. नुसतं बघायचं आन् मारायचं. वाचलं की स्पीड गेला." सरावाच्या उताऱ्यात कापसावरच्या बोंडअळीची सगळी माहिती होती, कधी येते, कशी पसरते, काय फवारावं. तो उतारा मी सबंध उन्हाळा बडवला. पावसाळ्यात वडिलांनी बांधावर उभं राहून एक बोंड फोडलं आणि विचारलं, "ही काय हाय, सांग." मी म्हणालो, "चाळीस शब्दांचा स्पीड आहे." वडील काही बोलले नाहीत. ते बोंड माझ्या हातात देऊन पुढे गेले.

म्हणून २०१४ साली पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर या अमेरिकन संशोधकांनी जेव्हा निबंध छापला, की लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी शब्दन् शब्द उतरवतात आणि समजून घ्यायचं राहून जातं, तेव्हा मला बोळातले सर आठवले. त्यांनी हेच तत्त्व फी घेऊन शिकवलं होतं. संशोधकांचं म्हणणं असं, की हात हळू चालतो. बोलणाऱ्याला गाठता येत नाही म्हणून डोक्याला निवड करावी लागते, आपल्या शब्दांत मांडावं लागतं, आणि त्यातच अभ्यास होतो. गंमत म्हणजे, शब्दशः उतरवू नका असं आधी बजावून सांगितलं तरी लॅपटॉपवाली मुलं शब्दशःच उतरवत राहिली. पुढे २०१९ साली इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक काही तेवढा ठसठशीत आला नाही. शास्त्रज्ञांचं हे असं असतं. आपण एखादी गोष्ट बहिणीला फोनवर ठामपणे सांगावी, तोवर दुसरा निबंध येतो.

पण या सगळ्या मंडळींनी एक गोष्ट धरलेलीच नाही. त्यांनी नांदेडात बी. ए. केलेलं नाही.

आमचे एक सर नोट्स 'देत'. म्हणजे खुर्चीत बसून पिवळी पडलेली कागदं काढत आणि सांगत, "लिहा." मग तासभर त्यांचा आवाज आणि आमच्या पेनांची खसखस. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं सरच सांगत. त्या वेगाला आमचे हात असे काही सरावले होते, की अमेरिकेतला लॅपटॉप मागे पडावा. हात हळू असतो म्हणून डोकं चालतं, हे खरंच. पण आमचा हात हळू राहूच दिला नव्हता. आम्ही सगळे जिवंत टाइपरायटर होतो, फक्त दांड्या अडकत नव्हत्या.

एकदा असंच सर महानुभावांचं गद्य सांगत होते. "महानुभावांचे गद्य हे सोपे, सुबोध," एवढं म्हणाले आणि दारातून शिपाई जाताना दिसला. त्याच स्वरात सर म्हणाले, "नामदेव, तीन चहा सांग." आणि लगेच, "व बोलीभाषेतील आहे. पूर्णविराम." वर्गातल्या बऱ्याच वह्यांत ते वाक्य जसंच्या तसं उतरलं: महानुभावांचे गद्य हे सोपे, सुबोध, नामदेव, तीन चहा सांग, व बोलीभाषेतील आहे.

यावर आम्ही हसलो असतो, पण हसायला वाचावं लागतं.

त्या वहीच्या झेरॉक्स निघाल्या. झेरॉक्सवरून कुणी हाताने उतरवून घेतल्या, त्याच्या पुन्हा झेरॉक्स निघाल्या. वर्षं गेली, मी स्वतः शिकवायला लागलो, पेपर तपासायला बसलो आणि लातूर जिल्ह्यातल्या एका गठ्ठ्यात मला उत्तर सापडलं: 'महानुभावांचे गद्य सोपे व सुबोध आहे, असे नामदेवांनी तीनदा सांगितले आहे.' मधल्या कुठल्यातरी अज्ञात लेखनिकाला चहा खटकला असणार. मजकुरात काहीतरी बिघाड आहे हे त्याला कळलं आणि त्याने आपल्या मगदुराप्रमाणे दुरुस्ती केली. संत नामदेवांचं नरसी आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, त्यामुळे त्यांनी मत दिलं असेल तर जवळच्या माणसाने दिलं, असंही त्याला वाटलं असेल. मी त्या उत्तराला पूर्ण गुण दिले. जिथे डोकं चाललं, तिथे गुण द्यायचे, हा माझा नियम आहे.

खरं तर लीळाचरित्राचीच कथा काही वेगळी नाही. चक्रधरस्वामी बोलत गेले, तेव्हा कुणी शब्दशः टिपणं काढत बसलं नव्हतं. मागाहून म्हाइंभटाने नागदेवाचार्यांकडून आणि इतरांकडून एकेक आठवण विचारून विचारून जमवली, ज्याला जी लीळा ठाऊक होती त्याच्याकडे जाऊन खात्री केली. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ हा असा, न घेतलेल्या नोट्समधून झाला. पुढे मूळ प्रत हरवली, लोकांनी आठवून आठवून नव्या प्रती सिद्ध केल्या आणि पाठभेद झाले. वि. भि. कोलत्यांसारख्या संशोधकांचं अर्धं आयुष्य ते निस्तरण्यात गेलं. पंथातल्या लोकांनी तर पुढे पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या, म्हणजे परक्याला वाचताच येऊ नयेत. हे धोरण आमच्या वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलानेही स्वीकारलं होतं. त्याचं अक्षर मूळचं सुंदर होतं, पण परीक्षा जवळ आली की ते मुद्दाम बिघडायचं.

झेरॉक्सने मात्र सगळ्याच लिप्या मोडून काढल्या. लातूरला उद्योग भवनाच्या शिकवणी भागात आणि नांदेडला भाग्यनगर-श्रीनगरकडे गेलात, तर क्लास जास्त की झेरॉक्सची दुकानं, हे मोजायला माणूस ठेवावा लागेल. टॉपरच्या नोट्स तिथे स्पायरल बांधून मिळतात. मुलं त्या घेतात, पिवळ्या-गुलाबी शाईने रंगवतात आणि उशाशी ठेवून झोपतात. आमच्याकडे खरी लढत हाताची आणि कीबोर्डची नाहीच. ती आहे स्वतः लिहिणाऱ्याची आणि दुसऱ्याने लिहिलेलं विकत आणणाऱ्याची. कॉपीबहाद्दरांचंही याच यंत्राने नुकसान केलं. पूर्वी बोटभर चिठ्ठीत अख्खा धडा बसवायचा म्हणजे धडा वाचून, कापून, गाळून घ्यावा लागे; इतकं झाल्यावर गरीब बिचारा चिठ्ठी न काढताच पास होई. मग मायक्रो झेरॉक्स आली, मेहनत गेली, आणि कॉपी करूनही नापास होणारी पिढी निपजली.

तर, टॅब. बहिणीला मी म्हणालो, "घेऊन टाकू." त्याला कारण होतं नॉर्वेतल्या ट्राँडहाइमचं. तिथल्या विद्यापीठाने ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ तारांच्या टोप्या चढवून मेंदूचे आलेख काढले आणि २०२४च्या जानेवारीत छापले. हाताने लिहिताना मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी बोलायला लागतात आणि टाइप करताना ते गप्प असतात, असं त्यात निघालं. पण त्या मुलांनी लिहिलं होतं ते कागदावर नव्हे, टचस्क्रीनवर, डिजिटल पेनने. म्हणजे टॅबला विज्ञानाचा आशीर्वाद होता. टाइप करायला मात्र त्यांना एकच बोट वापरायचं होतं, उजव्या हाताची तर्जनी. हे वाचून मी चकित झालो. एका बोटाने टाइप करताना मेंदू गप्प असतो, हे पाहायला नॉर्वेला जायची काय गरज होती? आमच्या कोणत्याही कचेरीत सातबारा काढायला जावं.

टॅब आला. भाचा काचेवर लिहू लागला. एवढ्यावर थांबला असता तर बरं, पण त्यात हाताने लिहिलेल्याचं छापील अक्षर करून देणारी सोय होती आणि पोराला सोयीचा मोह पडला. गणपतीनंतर लातूरला गेलो, तेव्हा त्याने अभिमानाने पान दाखवलं. मी वाचलं: 'यकृत पितरास तयार करते.'

"हे काय रे?"

"पित्तरस आहे मामा. ते मशीनला जोडाक्षर कळत नाही."

"आणि हे तू वाचलं नाहीस?"

"नोट्स करायलाव मामा सध्या. वाचायचं दिवाळीनंतर आहे."

पितृपक्ष चालूच होता, म्हणून मी पुढे काही बोललो नाही. बेन्झिनचं वलय त्याच सोयीने शून्य करून टाकलं होतं. आमच्या घरात आता तीन पिढ्यांची टिपणं तीन दिशांनी उघडतात. आजोबा निजामाच्या शाळेत उर्दूत शिकले, त्यांची वही उजवीकडून उघडते, माझी डावीकडून, आणि भाच्याची बोटाने वर ढकलली की खालून येते आणि कुठे संपते ते कळत नाही.

मे महिन्यात परीक्षा झाली. दुपारचं ऊन, केंद्राबाहेर आयाबापांची गर्दी, रसवंतीवाल्याची चांदी. टॅब आत नेता येत नव्हता, वही नेता येत नव्हती, आणि नियमाप्रमाणे पेनसुद्धा केंद्रावरच मिळणार होता. ७२० गुण, १८० प्रश्न, प्रत्येकाला चार वर्तुळं. सुटल्यावर भाचा बाहेर आला, तसं बहिणीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "समदं लिहिलास का बाळा?"

"लिहायचं नसतंय माय त्याच्यात. गोल काळे करायचे असतेत."

"नुसते काळे?"

"नुसते काळे."

बहीण जरा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "आन् मग येवढ्या पैशाचा टॅब कायला घेतला रे?"

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. उजव्या हाताची तर्जनी.